आईची गुलाबी गाडी

लेकाच्या हाती पैसा आला की त्याला आधी आई आठवते. एल्विस प्रेस्लीचंही तसंच झालं. फक्त त्याने आईला दिली चक्क गुलाबी मोटार!

एल्विस जन्मला ८ जानेवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या टुपेलो गावात, दोन खोल्यांच्या घरात. जुळ्यातला दुसरा मुलगा जन्मतःच गेलेला. त्यामुळे आई ग्लॅडिसचा सारा जीव या एकावर. तो तीन वर्षांचा असताना वडील चेकवरची रक्कम बदलल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. राहतं घरही सुटलं. ग्लॅडिसने कष्ट करून पोराला सांभाळलं. १९४८ मध्ये कुटुंब मेम्फिस शहरात आलं. शाळा संपल्यावर एल्विस ट्रक चालवू लागला.

जुलै १९५४ मध्ये सन रेकॉर्ड्सने त्याचं गाणं बाजारात आणलं आणि दिवस पालटले. गोऱ्यांचं खेड्यातलं संगीत नि काळ्यांचं ठेकेदार संगीत एकत्र करणारा हा प्रकार म्हणजे रॉकाबिली. त्याचा थाटही न्यारा! तेल लावून मागे वळवलेले केस, लांब कल्ले, गुलाबी-काळे कपडे. मग गाडी साधी कशी चालेल? एल्विसचं मन बसलं कॅडिलॅकवर. लांबरुंद, क्रोमने चमचमणारी, मागे माशाच्या परांसारखे उंचवटे. बड्या लोकांची गाडी ती.

पहिली गुलाबी कॅडिलॅक जून १९५५ मध्ये प्रवासात जळून गेली. जुलैत त्याने दुसरी घेतली. ती निळी होती, टप काळा. पण याला हवी गुलाबीच! मग मुद्दाम रंग बनवून घेतला नि गाडी रंगवली. साथीदारांसह गावोगाव कार्यक्रम करत तो तीतून हिंडला आणि पुढे ती आईच्या स्वाधीन केली. गंमत अशी, की ग्लॅडिसकडे लायसन्सच नव्हतं. गाडी दारात उभी आणि मुलगा मात्र सतत बाहेरगावी. त्याच्या काळजीने तिचा जीव टांगणीला लागायचा. १९५७ मध्ये त्याने ग्रेसलँड हा बंगला घेतला, तरी तिचा एकटेपणा काही सरला नाही.

मार्च १९५८ मध्ये एल्विसला लष्करात जावं लागलं. १४ ऑगस्टला ग्लॅडिस गेली, अवघ्या ४६व्या वर्षी. तो तेव्हा २३ वर्षांचा होता. या धक्क्यातून तो पुरता सावरलाच नाही.

पुढे त्याने कितीतरी गाड्या घेतल्या, मित्रांना, अगदी अनोळखी माणसांनाही वाटून टाकल्या. आईची गाडी मात्र कधी विकली नाही. १६ ऑगस्ट १९७७ रोजी, ४२व्या वर्षी, तोही गेला. आज मायलेक ग्रेसलँडच्या बागेत विसावले आहेत. रॉकाबिलीचे शौकीन अजून तशीच गुलाबी कॅडिलॅक शोधत फिरतात. आईची ती गाडी ग्रेसलँडलाच जपून ठेवली आहे.