भिंतही त्याची, स्प्रिंगही त्याचीच

फ्रीजमध्ये मागे राहून मान टाकलेली कोथिंबीर आपण ग्लासभर पाण्यात उभी करतो आणि तासा-दोन तासांत ती पुन्हा टवटवीत होते. ही युक्ती आईची. असं का होतं, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं. परवा मुलीनं मलाच विचारलं आणि माझी दांडी उडाली. उत्तर शोधता शोधता पोचलो रॉबर्ट हूकपाशी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्याचा स्प्रिंगचा नियम घोकला, तोच हा!

हूकचा जन्म १६३५ सालचा, आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगा सारखा आजारी, पण चित्रं सुरेख काढायचा आणि यंत्रं करण्यात रमायचा. १६४८ साली वडील गेले आणि तेरा वर्षांचा हा मुलगा लंडनला आला. वेस्टमिन्स्टर शाळा झाली, मग ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉइलचा मदतनीस म्हणून त्यानं हवा उपसण्याचा पंप तयार केला. १६६२ साली रॉयल सोसायटीनं त्याला सभांमध्ये प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं.

१६६५ साली त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. त्यात त्यानं बुचाचा, म्हणजे ओकच्या एका जातीच्या सालीचा, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे! लहान खोल्यांवरून त्यानं त्यांना 'सेल' म्हटलं; आपण पेशी म्हणतो. एका घन इंचात असे १२५ कोटींहून जास्त कप्पे असतील, असा हिशेबही मांडला. बूच मेलेलं असतं, म्हणून दिसल्या त्या नुसत्या भिंती. हिरव्या झाडांत हेच कप्पे रसानं भरलेले असतात, हेही त्यानं नोंदवलं. त्याच प्रकरणात आपली लाजाळूसुद्धा भेटते! सेंट जेम्स पार्कातल्या बागेत १६६१ सालच्या ऑगस्टमध्ये केलेली तिची निरीक्षणं त्यात दिली आहेत.

पुढच्याच वर्षी, १६६६ साली, लंडन जळालं. शहर पुन्हा उभं करायला सर्व्हेयर हवे होते, त्यात हूक होता. जळक्या गल्ल्यांतून जागा मोजणं, भिंतींवरून भांडणारे शेजारी, सगळं त्याच्या वाट्याला आलं. या धबडग्यातच त्यानं स्प्रिंगचा नियम मांडला. दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ साली उलगडला: जितका जोर, तितका ताण.

आता कोथिंबिरीकडे येऊ. पेशीत पाणी शिरतं, पेशी फुगायला बघते. पण भोवती सेल्युलोजच्या चिवट तंतूंची भिंत असते. ती थोडी ताणली जाते आणि स्प्रिंगसारखी उलट दाबते. हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरपेक्षाही जास्त असतो. त्याच्याच जोरावर कोवळं देठ ताठ उभं राहतं. पाणी कमी झालं की भिंत सैल पडते आणि जुडी मान टाकते. लाजाळूत तर देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतून पाणी झटकन बाहेर पडतं. मोठ्या झाडांच्या खोडात भिंतींमध्ये लिग्निन भरतं, म्हणून लाकूड वाळलं तरी उभं राहतं.

म्हणजे भिंत हूकनं पाहिली आणि ताणाचा नियमही हूकनंच सांगितला. पण या दोन गोष्टी जोडायचं काम पुढच्या लोकांवर राहिलं.

त्याची अखेर एकाकी झाली. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी बिनसलं ते कायमचंच. १७०३ साली हूक गेला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज हूकचं खात्रीचं म्हणता येईल असं एकही चित्र उपलब्ध नाही. काही जण न्यूटनकडे बोट दाखवतात, पण तसा पुरावा नाही.

सात वर्षं मी रोज मॉन्युमेंट स्टेशनवर उतरतोय. आगीच्या आठवणीचा तो २०२ फुटी स्तंभ हूकनं ख्रिस्टोफर रेनबरोबर उभारला, याचा मला पत्ताच नव्हता. गेल्या रविवारी मुलीला घेऊन त्याच्या ३११ पायऱ्या चढलो. वर धापा टाकत तिला कोथिंबिरीचं उत्तर दिलं. ते तिला पटलं. मग तिनं विचारलं, हूक दिसायचा कसा? याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.