ओवीचा अर्थ उलगडणारे मामासाहेब

आज आषाढ शुद्ध एकादशी. चातुर्मासाचा आरंभ. आजपासून अनेक घरांत श्रीज्ञानेश्वरीची पोथी देवापुढे उघडली जाईल. अशा पुण्यदिनी पालघरच्या भूमीने महाराष्ट्रास दिलेल्या एका थोर भगवद्भक्ताचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. ते म्हणजे प्राचार्य शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर, वारकऱ्यांचे मामासाहेब.

केळवे-माहीम येथे १८९६ साली त्यांचा जन्म झाला. पुण्यास विष्णुबुवा जोग यांचा अनुग्रह लाभला आणि आयुष्याची दिशा ठरली. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली व १९२० साली ते वैकुंठवासी झाले. गुरूंचे ते कार्य सोनोपंतांनी आजन्म ब्रह्मचारी राहून पुढे चालविले. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले, पुढे तेथील प्राचार्यपद भूषविले. प्लेटोचा अभ्यास केला, पण गळ्यातील तुळशीची माळ उतरली नाही.

वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याचा चरण नि चरण उकलावयाचा, प्रत्येक पदाचे प्रयोजन सांगावयाचे आणि इतर संतांच्या वचनांनी ते दृढ करावयाचे, अशी रीत आहे. मामासाहेबांनी ही रीत लेखणीतही उतरविली. १९५३ साली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी प्रसिद्ध झाली. शके १२१२ मधील मराठीचे कितीतरी शब्द आज व्यवहारातून गेले आहेत. नऊ हजारांवर ओव्यांचा अर्थ सोप्या मराठीत देऊन त्यांनी ती पोथी घरोघरी बोलती केली.

अर्थ पाहून वाचल्याने काय लाभते, ते पोथीच्या आरंभीच कळते. माउली प्रथम ओंकाररूप आत्मतत्त्वास वंदन करतात, मग गणेशाचे रूप वर्णितात. सहा दर्शने हे त्याचे हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. घाईने वाचणाऱ्यास हे केवळ अलंकार वाटतील. परंतु पुढे अकार चरण, उकार उदर आणि मकार मस्तक होते. पायांपासून मस्तकापर्यंत पाहत गेले की मूर्ती ओंकारच ठरते आणि पहिल्या वंदनाचा अर्थ तेथे पूर्ण होतो. परशू छेदतो, मोदक तृप्त करतो. तर्क आणि वेदान्त यांचे कार्यही तेच.

केवळ पाठाने पुण्य लाभत असता अर्थाचा खटाटोप कशास, असे काही भाविक विचारतात. पाठाचे पुण्य आहेच. परंतु ज्ञानेश्वरी ही स्वतःच गीतेच्या सातशे श्लोकांची टीका आहे. संस्कृत न जाणणाऱ्यांस अर्थ कळावा, याच करुणेतून ती अवतरली. तेव्हा अर्थाकडे पाठ फिरविणे म्हणजे माउलींच्या श्रमांकडे पाठ फिरविणे होय.

पालघरचे महाविद्यालय आज सोनोपंतांचे नाव धारण करून उभे आहे. पालघर, बोईसर, तारापूरच्या घराघरांत या चातुर्मासात रोज निदान पाच ओव्या अर्थासह वाचल्या जाव्यात. मामासाहेबांस आमच्या मते हेच खरे वंदन ठरेल.