पद नाकारणारे आझाद बिलग्रामी आणि त्यांची दोस्ती

पाणचक्की पाहायला आपल्या शहरात गर्दी असते. पण इथेच, बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या तकियात, अरबी-फारसीचे एक मोठे आलिम सात वर्षं राहिले, हे किती जणांना माहीत आहे? मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी त्यांचं नाव.

जन्म १७०४ चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या बिलग्रामचा. तरुणपणी सिंधमधल्या सेहवानला मामांच्या जागी सरकारी काम केलेलं, म्हणजे नोकरीची चव माहीत होती. पुढे हजला गेले, मदिन्यात हदीस शिकले आणि १७४० च्या सुमारास औरंगाबादला आले. निजामाचे चिरंजीव नासिर जंग यांच्याशी त्यांचं जमलं. १७४८ मध्ये नासिर जंग गादीवर आले, तेव्हा मित्रमंडळी आझादांच्या मागे लागली, आता हवं ते पद घ्या. त्यांनी घेतलं नाही. तालूतच्या लष्कराला नदीचं ओंजळभरच पाणी प्यायची परवानगी होती, दुनियाही तशीच, असं त्यांचं म्हणणं. पद नको म्हणाले, पण सोबत सोडली नाही. नासिर जंगच्या दक्षिणेतल्या मोहिमेतही ते होते.

आम्हाला मात्र त्यांची दुसरी दोस्ती जास्त मोठी वाटते. शाहनवाज खान हे दख्खनचे दिवाण. मोगल अमीर-उमरावांच्या चरित्रांचा 'मआसिर-उल-उमरा' हा ग्रंथ ते लिहीत होते. दिवाणाच्या दारात माणसांना काय तोटा! पण दिवाणी गेली, १७५८ मध्ये त्यांचा खून झाला, घर लुटलं गेलं आणि ग्रंथाची पानं कुठल्या कुठे गेली. त्या गडबडीत मरहूम दिवाणाच्या कागदांची फिकीर कोण करणार? करून मिळणार तरी काय होतं?

ती फिकीर आझादांनी केली. शोधून शोधून पानं जमवली, क्रमाने लावली. हरवलेली काही चरित्रं स्वतःच्या लिखाणातून भरली. प्रस्तावना लिहिली आणि दोस्ताचं चरित्रही लिहिलं. आज मोगल काळावर काम करणाऱ्या कुणालाही हा ग्रंथ टाळता येत नाही.

नंतर शाहनवाज खानांचे चिरंजीव अब्दुल हई यांनी त्यात भर घालून १७८० मध्ये तो पूर्ण केला. आझाद त्यानंतर सहा वर्षांनी वारले. खुलदाबादला शायर अमीर हसन यांच्या मजारीजवळ त्यांची कबर आहे.