भूदानयज्ञ आणि सरकारी दप्तर : आचार्य विनोबा भावे

आचार्य विनोबा भावे हे आपल्या ज्ञातीतील नव्हते, आणि जातिभेद तर त्यांस मुळीच मान्य नव्हता. तथापि वर्धा जिल्ह्यातील स्मरणिकेत त्यांच्या चरित्रास स्थान नसावे हे उचित नव्हे. त्यांची थोरवी पुष्कळांनी गायिली आहे. त्यांनी आरंभिलेल्या प्रचंड लोककार्याची कागदोपत्री कशी दैना झाली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या दैनेची झळ भूमिहीनांस लागली, म्हणून ते सांगणे अवश्य वाटते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. शिक्षण बडोद्यास झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेकरिता मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस उतरून काशीला गेला. आपली प्रमाणपत्रे त्याने अग्नीस अर्पण केली होती. आम्हां शिक्षकांस, ज्यांचा जन्म दाखले लिहिण्यात गेला, ही गोष्ट वर्गात सांगताना थोडे अवघडच होई. पण कागदाविषयीची ही बेफिकिरी वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्याच वर्षी कोचरब येथे गांधीजींची भेट झाली. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास आले, १९३८ पासून पवनारास राहिले आणि १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले. पवनारजवळील सुरगावात हा पंडित नित्य जाऊन हातात झाडू घेऊन मैला उचलीत असे, हे तरुण पिढीस ठाऊक असावे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. सभेतील रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनी शंभर एकर देऊ केली, आणि भूदानयज्ञास प्रारंभ झाला. विनोबांनी पाच कोटी एकरांचा संकल्प सोडला. सप्टेंबर १९५१ मध्ये ते पवनारहून पायी निघाले, ते एप्रिल १९६४ मध्येच परतले. एवढ्या काळात चाळीस लाख एकरांहून काही अधिक भूमी मिळाली. जगात असे उदाहरण विरळा.

परंतु सभेत हात वर करणे निराळे आणि जमिनीचे खाते फिरणे निराळे. भारावलेला दाता दानपत्रावर सही करी. सर्व्हे नंबर पुष्कळदा लिहिलेलाच नसे. कोणाची जमीन गहाण, कोणाची कोर्टात अडकलेली; कोणी एकत्र कुटुंबाची जमीन देई, मग भाऊ व पुत्र हरकत घेत. बिहारमध्ये सर्वांत मोठे दान मिळाले, पण त्यातील फार मोठा भाग जंगल, खडक व नदीचे पात्र निघाला. कित्येकांनी पडीक तेवढेच दिले, हेही खरे.

आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता व राजधानी नागपूर होती. तेथे १९५३ साली भूदान यज्ञाचा कायदा झाला. दानपत्र महसूल अधिकाऱ्याकडे जावे, चौकशी व्हावी, हरकती ऐकाव्या, मग जमीन भूदान मंडळाकडे यावी, गावसभेत वाटप व्हावे आणि शेवटी फेरफाराची नोंद पडावी, असा तो क्रम. यातील एक पायरी चुकली तरी कसणारा एक, कागदावर दुसरा.

अशातच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. वर्धा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. कायदा मात्र विदर्भापुरता जुन्या मध्यप्रदेशाचाच राहिला. एका राज्याचा कायदा आणि दुसऱ्या राज्याचे कारकून! आणि योगायोग असा की, त्याच नोव्हेंबरात तमिळ प्रांतातील पळणी येथे विनोबांनी भूदान समित्या विसर्जित केल्या व गांधी निधीचे साहाय्य नाकारले. कार्य जनतेने आपल्या बळावर चालवावे, ही त्यांची दृष्टी उदात्त होती. पण पगारी कार्यकर्ते पांगले, आणि अर्धवट दानपत्रांचा पाठपुरावा कोण करणार हा प्रश्न उरला. माझ्या अल्पमतीस वाटते की, येथे त्या थोर पुरुषाने माणसांच्या सद्भावनेवर टाकलेला भार अधिक झाला. सद्भावना दात्याबरोबर जाते. वारसास उरतो तो सात-बारा. मिळालेल्या भूमीपैकी निम्म्याहून थोडी अधिकच प्रत्यक्ष वाटली गेली.

या उणिवेची जाणीव विनोबांस नव्हती असे नाही. त्यांनी पुढे ग्रामदानावर भर दिला. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९६४ चा. १९७० पासून क्षेत्रसंन्यास घेऊन ते पवनारासच राहिले. अखेरीस अन्न व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांस मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

भूदानाची जमीन मोकळेपणी विकता येत नाही. ती ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी आहे, त्यांनी आजोबांचे वाटपपत्र जपून ठेवावे आणि आपले नाव फेरफारात चढले आहे की नाही, हे तलाठ्याकडे एकदा पाहून घ्यावे.