सर थेमिस्टोक्लीस झॅमिट : माल्टा तापाचे मूळ शोधणारे डॉक्टर

आपल्या मॉरिशसप्रमाणे माल्टा हेही एक लहानसे बेट. भूमध्य समुद्रातील हे बेट १९६४ सालापर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होते. त्याच्या नावाने एक आजार जगभर ओळखला जाई, तो म्हणजे माल्टा ताप. हा ताप चढे, उतरे आणि पुन्हा चढे. रोगी सहसा दगावत नसे, पण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राही. त्याचे मूळ शोधणाऱ्या सर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांची आज ओळख करून घेऊ या.

झॅमिट यांचा जन्म ३० सप्टेंबर १८६४ रोजी व्हॅलेटा येथे झाला. तेथील विश्वविद्यालयातून ते १८८९ साली डॉक्टर झाले. लंडन व पॅरिस येथे त्यांनी जंतुशास्त्राचा अभ्यास केला व पुढे माल्टाच्या सरकारी प्रयोगशाळेत काम केले.

या तापाचा जंतू ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली जगापुढे आणला होता. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोडेच होते. कोणी घाण हवेला दोष देई, कोणी धुळीला, कोणी डासांना. म्हणून १९०४ साली एक संशोधन मंडळ नेमण्यात आले. झॅमिट त्याचे सभासद होते.

रोग झालेल्याच्या रक्तातील पाणी जंतूंमध्ये मिसळले की जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. जून १९०५ मध्ये प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचे रक्त झॅमिट यांनी असे तपासले. शेळ्यांना अजून रोग टोचलाही नव्हता, तरी पुंजके झाले! दिसायला धडधाकट, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांच्या अंगात रोग आधीच होता. पुढच्या तपासणीत सुमारे निम्म्या शेळ्यांना संसर्ग झालेला आढळला आणि दहांतल्या एकीच्या दुधातून जंतू बाहेर पडत होते.

त्या काळी गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लोगल्ली फिरत व दारातच धार काढून देत. धारोष्ण दूध प्रकृतीला चांगले, असे आपले वाडवडीलही मानत. माल्टात तर इस्पितळातील रोग्यांनाही शक्ती यावी म्हणून तेच दूध पाजत.

१९०६ साली ब्रिटिश सैन्यात शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधील ताप झपाट्याने ओसरला. बेटावरील जनतेचे तसे झाले नाही. शेळी हे गरिबांच्या पोटाचे साधन होते. ती एका हुकमाने बंद कशी होणार? दूध उकळण्याची सवय लागायला फार वेळ गेला. त्यामुळे घरोघरी हा ताप पुढेही कित्येक वर्षे राहिला.

झॅमिट थोर पुरातत्त्वज्ञही होते. तार्शीन येथील प्राचीन मंदिरे त्यांनी १९१५ पासून उत्खनन करून उजेडात आणली. १९२० ते १९२६ ते विश्वविद्यालयाचे प्रमुख होते. आपल्या माल्टी भाषेतही त्यांनी लेखन केले. १९३० साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

२ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. माल्टात दूध तापवून निर्जंतुक करणारे पहिले केंद्र सुरू झाले ते १९३८ साली. ते पाहायला झॅमिट नव्हते. जंतूलाही ब्रूस यांच्यावरून ब्रुसेला हे नाव मिळाले आणि झॅमिट यांचे नाव मागे पडले.

जनावर निरोगी दिसते म्हणून त्याचे दूध निर्धोक असतेच असे नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. वाचकहो, घरच्या गाईचे असो की शेजारच्या शेळीचे, कच्चे दूध उकळल्यावाचून मुलांच्या हाती देऊ नये.