रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

ज्ञातीचे भूषण ठरलेल्या पुरुषांचे वर्षातून एकदा तरी स्मरण करावे, हा या स्मरणिकेचा एक हेतू आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे वास्तव्य करणाऱ्या आपल्या कुटुंबांतील तरुण पिढीला पाठारे प्रभू ज्ञातीतील या थोर चित्रकाराचे नाव ऐकून ठाऊक असेल; त्यांचे कार्य ठाऊक असेलच असे नाही. म्हणून हा अल्प परिचय आम्ही सादर करीत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्या वेळी ग्रिफिथ्ससाहेब तेथे प्रमुख होते. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांनी पटकाविले आणि पुढच्याच वर्षी त्याच शाळेत ते शिक्षक झाले. सुमारे साडेतीन दशकांच्या सेवेनंतर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९३० मध्ये संचालकपदाची सूत्रे काही काळ त्यांच्याकडे आली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. योग्यता असूनही एतद्देशीय माणसाला त्या काळी किती थांबावे लागे, याची ही साक्षच म्हणावी लागेल.

धुरंधरांनी पौराणिक व ऐतिहासिक चित्रे विपुल काढली. परंतु आम्हांस त्यांचा विशेष वाटतो तो लोकांच्या पेहरावाच्या चित्रणात. अंगावर वस्त्र कसे बसते, हे त्यांनी एखाद्या कसबी शिंप्याच्या बारकाईने न्याहाळले. कोळिणीचे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे, घरंदाज स्त्रीचा नऊवारीचा कासोटा, चोळीची पुढे मारलेली गाठ, गुजराती स्त्रीचा घागरा व ओढणी, पुरुषांच्या नाना तऱ्हेच्या पगड्या, हे सारे त्यांच्या कुंचल्याने टिपले. एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयीच्या १९१२ च्या पुस्तकास त्यांनी चित्रे दिली. रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या १९२० च्या ग्रंथात तर त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. मुंबईच्या लोकजीवनावरील त्यांची पोस्टकार्डे घरोघर पोहोचली.

या चित्रांत सरदारघराण्यातील स्त्री आणि बाजारात टोपली घेऊन बसलेली कष्टकरी बाई यांना सारख्याच आस्थेने स्थान मिळाले आहे. स्वज्ञातीचा अभिमान बाळगूनही दृष्टी ज्ञातीपुरती आखूड ठेवू नये, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घ्यावयास हवा.

१९४० मध्ये त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त प्रसिद्ध केले. १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कन्या अंबिका याही नामवंत चित्रकार झाल्या. २००९ मध्ये त्या निवर्तल्या.

नऊवारी नेसणे आता मंगलकार्यापुरते उरले आहे, आणि आजीची पैठणी फाडून तिचे पडदे शिवणारी घरेही आम्ही पाहतो. वस्त्र जीर्ण होते, नेसण्याची रीत विसरली जाते, आणि मग चित्र तेवढे मागे राहते. आपल्या पेटीतील जुनी लुगडी, शेले, पगड्या व छायाचित्रे टाकून देण्यापूर्वी ती कोणाची, केव्हाची व कोणत्या प्रसंगाची, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने लिहून ठेवावे. धुरंधरांचे खरे स्मारक तेच होईल, असे आम्हांस वाटते.