सागरापार जपलेला स्वधर्म

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. दारोदारी गुढ्या उभारल्या गेल्या असतील, कडुनिंबाचा प्रसाद घेतला गेला असेल आणि देवापुढे नवीन पंचांगाची पूजा होऊन संवत्सरफलाचे वाचनही झाले असेल. या मंगल प्रभाती शके १८०५ च्या वर्षप्रतिपदेचे स्मरण करावेसे वाटते. त्या प्रतिपदेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ७ एप्रिल १८८३ रोजी, फाल्गुनातील अमावास्या होती. मुहूर्त पाहून प्रस्थान ठेवणाऱ्या आपल्या घरांतून त्या तिथीस कोणी उंबरठा ओलांडला नसता. परंतु आगबोट पंचांग पाहून निघत नाही. त्याच दिवशी कलकत्त्याच्या बंदरातून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय सुवासिनी अमेरिकेस निघाली. दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयी देशात गुढ्या उभ्या राहत होत्या, तेव्हा ती घरापासून दूर, जहाजावर होती. तीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी या नावाने विख्यात झाली.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव पोस्ट खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीस शिकवीनच, हा त्यांचा हट्ट त्या काळी जगावेगळा होता. त्या हट्टापायी त्यांनी कोवळ्या पत्नीवर हातही उगारला, हे त्यांचे चरित्र सांगताना झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला आणि दहा दिवसांत तो गेला. पुरुष डॉक्टरापुढे जाण्याच्या संकोचाने आपल्या देशातील स्त्रिया निमूटपणे यातना सोसतात आणि प्राणासही मुकतात, हे दुःख त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले. आपण वैद्यक शिकावे, हा संकल्प तेथूनच दृढ झाला.

गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्याविषयी पत्र लिहिले होते. ख्रिस्ती व्हाल तर मार्ग सुकर होईल, अशा आशयाचे उत्तर आले. ती अट या दांपत्यास मान्य नव्हती. मात्र तो पत्रव्यवहार तिकडील एका मासिकात छापला गेला आणि १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांचे मन द्रवले आणि पत्रांची देवघेव सुरू झाली. न पाहिलेल्या या स्त्रीस आनंदीबाई मावशी मानू लागल्या.

गोपाळरावांना बरोबर जाणे जमेना, तेव्हा पत्नीने एकटीने जावे असे ठरले. आज या निर्णयाचे गांभीर्य आपल्या ध्यानी येणार नाही. बौधायनांच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली आहे. कलिवर्ज्य प्रकरणातही तो निषिद्ध ठरविला आहे. त्यातून स्त्री, तीही एकटी! निंदेला ऊत आला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात भरसभेत उभे राहून आनंदीबाईंनी एकेका आक्षेपाचे शांतपणे उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहू, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. बहिष्काराचे भय दाखविणाऱ्यांपुढे त्यांनी हे जाहीर व्रतच घेतले. सागर ओलांडू नये, हे बाहेरून घातलेले बंधन होते. सागरापार आपला आचार सोडायचा नाही, हे त्यांनी स्वतःहून घातलेले बंधन होते. धर्म कोणत्या बंधनात अधिक नांदतो, याचा विचार सुज्ञांनी करावा.

प्रवास दीर्घ आणि कष्टाचा होता. बोटीवर मिळेल त्या शाकाहारावर दिवस काढायचे, लाटांनी शरीर खिळखिळे व्हायचे आणि सोबतच्या बायांकडून धर्मांतराविषयी बोलणी ऐकायची, असा तो काळ गेला. प्रस्थानापासून ५९ व्या दिवशी, ४ जून १८८३ रोजी, त्या न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. न्यावयास कार्पेंटर मावशी आल्या होत्या. तीन वर्षे अक्षरांतून ओळखलेले माणूस त्या दिवशी प्रथम दृष्टीस पडले.

रोझेल येथील ते पहिले दिवस आपण डोळ्यांपुढे आणावेत. भोवती सगळे परके. भाषा परकी, पाकशाळा परकी, देवघराचे नाव नाही. अशा घरात लुगडे नेसलेली, कपाळी कुंकू, हाती बांगड्या आणि गळ्यात मंगळसूत्र असलेली ही मुलगी वावरू लागली. त्या उन्हाळ्यात ती मावशींच्या मुलींत रमली. शाकाहाराचा नेम तिने सोडला नाही. पुढे तिने स्वतः रांधून आपल्या पद्धतीचे भोजन सिद्ध केले आणि यजमानीण व तिचे स्नेही यांना जमिनीवर पंगतीत बसवून वाढले. श्रद्धेसाठी तिने तेथे वाद घातले नाहीत. सन्मानाने जगून, सर्वांस जेवू घालून तिने आपला धर्म त्यांच्यापुढे ठेवला. आणि न्याय्य बुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्या ख्रिस्ती गृहिणीने तिच्या श्रद्धेस धक्का लावला नाही. आपल्याकडे अतिथीस देव मानतात. सागरापार तो धर्म एका परधर्मीय बाईने पाळला.

अमेरिकेस पोहोचून पंधरा-सोळा दिवस होतात तोच ज्येष्ठी पौर्णिमा आली. वटसावित्रीचे आख्यान आपणांस ठाऊकच आहे. पतीच्या प्राणासाठी सावित्री यमाच्या मागून चालत राहिली. आनंदीबाई पतीपासून दूर चालत गेल्या होत्या, पण दोघांनी मिळून केलेल्या संकल्पासाठी. पती हिंदुस्थानात, पत्नी अमेरिकेत, आणि मध्ये सातासमुद्रांचे अंतर. संसार उरला होता तो केवळ पत्रांत. पत्र आगबोटीने जाई व उत्तरास महिनेच्या महिने लागत. गोपाळरावांच्या पत्रांत कधी प्रोत्साहन असे, कधी जिव्हारी लागणारा संशय असे. तो संशयही तिने परदेशात एकटीने पचविला आणि संकल्प ढळू दिला नाही.

त्या वर्षीच्या शरदात फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास सुरू झाला. प्राचार्या डॉक्टर रेचेल बॉडली यांनी तिला मायेने वागविले. परंतु थंडी कोणाची गय करीत नाही. राहत्या खोलीची शेगडी पेटविली की धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा हाडांत शिरे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास प्रारंभ केला. हा बदल लहान दिसतो, पण त्यात विवेक आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र पर्व आहे, ते अशाच प्रसंगांसाठी. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तपस्विनी पार्वतीला बटुवेषातील शंकर देहाची काळजी वाहण्याची आठवण देतात, तेही याच कारणाने. खेद एवढाच की, आनंदीबाईंच्या देहाची काळजी पुरेशी घेतली गेली नाही. अपुरे अन्न, कडक थंडी आणि अखंड अभ्यास यांनी शरीर पोखरले आणि क्षयाने त्यात ठाण मांडले.

अखेर १८८५ साली गोपाळराव अमेरिकेस पोहोचले आणि ताटातुटीनंतर त्या दांपत्याची भेट झाली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव तर होतेच, शिवाय आप्तसंबंधातील पंडिता रमाबाईही आल्या होत्या. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशातील विद्यापीठात बसून तिने आपल्या ऋषींच्या आयुर्वेदाचा परामर्श घेतला, यापरते स्वधर्माचे वेगळे प्रमाण काय हवे? कोल्हापूर संस्थानाने तेथील रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची सूत्रे तिच्या हाती देण्याचे ठरविले.

पण देह थकला होता. नोव्हेंबर १८८६ मध्ये पतिपत्नी मायदेशी परतली. व्रत पूर्ण झाले होते, ती हिंदू म्हणून गेली आणि हिंदू म्हणूनच आली. रुग्णसेवा मात्र घडली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे देहावसान झाले, तेव्हा वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. महिनाही तोच, फाल्गुन. नवे वर्ष उंबरठ्याशी आले होते. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे धाडली. मावशींनी ती न्यू यॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून स्मारकशिला उभारली. ज्या घरी तिने परदेशातले पहिले अन्न ग्रहण केले, त्या घराच्या माणसांतच तिच्या अवशेषांना विश्रांती मिळाली.

वाचकहो, आज आपल्यापैकी कित्येकांची मुले व सुना परदेशी संसार मांडून आहेत. पंचांग येथून जाते, गुढीसाठी वेळूऐवजी मिळेल ती काठी घेतली जाते आणि रेशमी वस्त्र खिडकीशी बांधले जाते. मुलांचे आचार टिकतील ना, ही आपली चिंता रास्त आहे. परंतु आनंदीबाईंचे चरित्र आपणांकडूनही काही मागते. दूर गेलेल्या लेकरास पत्र लिहिताना वा बोलताना आधी त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी, नेमाची मागाहून. त्याच्या विवेकावर विश्वास ठेवावा, संशयाने त्याला एकाकी करू नये. त्याच्या आसपास कोणी कार्पेंटर मावशी असेल, तर तिचेही कृतज्ञतेने स्मरण ठेवावे. आणि आपल्या गावी कोणी परप्रांतीय दांपत्य नव्याने राहावयास आले असेल, तर आजच्या सणाचे पहिले ताट त्यांच्या घरी पाठवावे.